प्रोजेक्टचे फोल्डर आणि एडिटरच्या सेटिंग्ज : काय कुठे ठेवता?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

माझा एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) व्हीएस कोड. कामं चार तऱ्हेची आहेत: टीमबरोबरचा एक मोठा जावास्क्रिप्ट प्रोजेक्ट, डेटासाठी पायथनच्या स्क्रिप्ट, सांभाळायला आलेली एक जुनी पीएचपी साइट आणि मार्कडाउनमधल्या माझ्या नोंदी. सगळ्या सेटिंग्ज एकाच यूजर फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल इतकी लांबली आहे की कुठली ओळ कोणासाठी घातली होती ते कळत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये ओळ आत सरकवायला (इंडेंटेशनला) टीमला दोन स्पेस हव्यात, पायथनला चार, पीएचपीत टॅब. त्यात फॉरमॅट ऑन सेव्ह (सेव्ह करताच फाइल आपोआप नीट मांडणारं सेटिंग) चालू. पीएचपीतली एक ओळ बदलून सेव्ह केलं की फॉरमॅटर अख्खी फाइल नव्याने मांडतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल त्या ढिगातून शोधावा लागतो. फॉरमॅट ऑन सेव्ह बंद केलं तर जावास्क्रिप्टचे नियम हाताने पाळत बसायचं.

डिस्कवरही हेच. काही प्रोजेक्ट डेस्कटॉपवर, काही डाउनलोडमध्ये, काही नीट एका फोल्डरात. आता एकदाच बसून घडी बसवायची आहे. तुम्ही फोल्डर कसे लावता, कुठलं सेटिंग कुठे ठेवता, आणि एडिटरचा फोल्डर गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) टाकता की नाही? ‘का’ तेही सांगा, नाहीतर नुसती नक्कल होते.

रानवाट

वाचतोय. अगदी हाच प्रश्न आहे.

गाठोडं

आधी थर समजून घ्या, मग निम्मे प्रश्न सुटतात. व्हीएस कोडमध्ये सगळ्यात खाली डिफॉल्ट, त्यावर तुमच्या यूजर सेटिंग्ज, त्यावर वर्कस्पेस, आणि एका खिडकीत अनेक फोल्डर उघडले असतील तर त्यावर प्रत्येक फोल्डरच्या. वरचा थर खालच्याला झाकतो. एकच फोल्डर उघडलेला असेल तर वर्कस्पेसच्या सेटिंग्ज म्हणजे त्या फोल्डरातल्या ‘डॉट व्हीएसकोड’ मधली सेटिंग्ज जेसन फाइल.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढच्या दोन गोष्टींवर लोक अडतात.

पहिली: एखाद्या भाषेसाठी म्हणून दिलेलं सेटिंग नेहमी साध्या सेटिंगवर मात करतं, थर कुठलाही असो. म्हणजे यूजर फाइलमध्ये ‘पायथनसाठी टॅब साइझ ४’ असेल आणि प्रोजेक्टमध्ये नुसतं ‘टॅब साइझ २’ लिहिलं असेल, तर पायथनच्या फाइलीत ४ च लागू होतं. प्रोजेक्टमध्येही ते पायथनच्या कंसात, म्हणजे ‘[python]’ ह्या भागात, लिहावं लागतं.

दुसरी: साधी मूल्यं आणि याद्या पूर्णपणे बदलल्या जातात, पण ऑब्जेक्ट असलेल्या सेटिंग्ज एकमेकींत मिसळतात. फाइली लपवायचं ‘फाइल्स एक्सक्लूड’ हे ऑब्जेक्ट आहे. यूजरमध्ये लपवलेली गोष्ट एखाद्या प्रोजेक्टात परत दिसायला हवी असेल तर तिथे ती ओळ नुसती गाळून उपयोग नाही, तोच पॅटर्न लिहून ‘फॉल्स’ द्यावं लागतं.

मधलीसुट्टी

टॅब की स्पेस हा विषय निघालाय म्हणजे धाग्याची शंभरी नक्की. पुढच्या रांगेत जागा धरून बसते आहे. :)

अर्धविराम

गाठोडं, ती भाषेच्या कंसाची गोष्ट वाचून आत्ताच तपासलं. प्रोजेक्टमध्ये साधं सेटिंग, यूजरमध्ये भाषेचं. तरीच काही होत नव्हतं! पण जावास्क्रिप्टमध्ये भाषेचा कंस नाही, तिथे टॅब साइझ २ दिलंय, आणि काही फाइलींत तरीही चार दिसतात. ते कशानं?

गाठोडं

‘डिटेक्ट इंडेंटेशन’ नावाचं सेटिंग मुळातच चालू असतं. फाइल उघडताना एडिटर आतला मजकूर बघून इंडेंटेशन ओळखतो आणि तुमचा टॅब साइझ बाजूला ठेवतो. त्या फाइली आधीपासून चार स्पेसच्या असणार. मिश्र प्रोजेक्टमध्ये हे चालू असलेलंच बरं, निदान असलेल्या फाइलीत तरी तिच्या पद्धतीनं लिहिलं जातं.

साधीवही

मला वाटतं ‘कुठे ठेवू’ हा प्रश्न जरा उशिराचा आहे. आधी विचारायचं, हे सेटिंग कोणाचं?

फॉन्ट, थीम, अक्षराचा आकार, कीबोर्डचे शॉर्टकट, मिनिमॅप हवा की नको, हे माझं. मी कुठल्याही प्रोजेक्टवर बसले तरी माझे डोळे आणि माझी बोटं तीच असतात. हे यूजरमध्ये.

इंडेंटेशन, ओळीचा शेवट, लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) कुठला, फॉरमॅटर कुठला, चाचण्या कशा चालवायच्या, हे प्रोजेक्टचं. उद्या मी तिथे नसले तरी हे तसंच राहायला हवं, म्हणून ते प्रोजेक्टबरोबर राहतं.

पायथन कुठे इन्स्टॉल आहे, कंपायलरचा पत्ता काय, प्रॉक्सी कोणती, हे मशीनचं. आणि गोंधळ बहुतेक वेळा ह्या तिसऱ्या गटात असतो. एकाच्या लॅपटॉपवरचा पूर्ण पत्ता प्रोजेक्टच्या फाइलीत जातो आणि बाकी सगळ्यांच्या एडिटरला इंटरप्रिटर (पायथन चालवणारा प्रोग्राम) सापडेनासा होतो. असा पत्ता प्रोजेक्टात कधीच नको. लिहायचाच असेल तर ‘वर्कस्पेस फोल्डर’ हे व्हेरिएबल वापरून सापेक्ष लिहायचा, म्हणजे फोल्डर कुठेही असला तरी चालतो.

अर्धविराम, तुमची लांबलेली फाइल घेऊन बसा आणि ओळीगणिक हा एकच प्रश्न विचारा. बऱ्याच ओळी तर कोणाच्याच नसतात, कधीतरी एखादं एक्स्टेन्शन करून बघताना आलेल्या असतात. त्या सरळ काढून टाका.

रानवाट

‘कोणाचं’ हे आवडलं. पण काही सेटिंग्ज माझ्याच असतात आणि तरी एकाच प्रोजेक्टपुरत्या. उदा. मी प्रत्येक प्रोजेक्टच्या खिडकीच्या टायटल बारला वेगळा रंग देतो, म्हणजे चुकीच्या खिडकीत टाइप होत नाही. हे कुठे बसवाल?

साधीवही

चांगला प्रश्न. माझ्या तीन गटांत ते बसत नाही, खरं आहे. कोणी सांगेल?

दगडफूल

रानवाट यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं, आणि म्हणूनच मी ‘डॉट व्हीएसकोड’ गिटमध्ये टाकण्याच्या पूर्ण विरोधात आहे. टायटल बारचा रंग त्याच फाइलीत जातो. मग एकाचा हिरवा, दुसऱ्याचा जांभळा, आणि मर्ज करताना (दोघांचे बदल एकत्र करताना) रंगावरून कॉन्फ्लिक्ट. एका टीममध्ये अक्षराचा आकारसुद्धा सगळ्यांवर लादला गेलेला पाहिला आहे. एडिटर ही माणसाची खाजगी बाब आहे. रिपॉझिटरीनं (गिटमधल्या प्रोजेक्टच्या साठ्यानं) त्यात पडू नये. टीममधले दोघं जेटब्रेन्सवर आणि एक व्हिमवर असेल तर त्यांनी ह्या फोल्डरचं काय करायचं?

कळफलक

दगडफूल यांच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर एडिटरकॉन्फिग. ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ ही एक छोटी मजकुराची फाइल, प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवायची. इंडेंटेशन टॅबचं की स्पेसचं, किती, ओळीचा शेवट एलएफ की सीआरएलएफ (लिनक्सची पद्धत की विंडोजची), कॅरेक्टर सेट, फाइलीच्या शेवटी न्यूलाइन हवी का, ओळीच्या शेवटच्या स्पेस काढायच्या का, एवढंच ती सांगते. पण ते सगळ्या एडिटरना सांगते. जेटब्रेन्सला ती आपसूक कळते, निओव्हिमला ०.९ पासून कळते, व्हीएस कोड आणि सब्लाइमला एक्स्टेन्शन लागतं.

तीन गोष्टी सांभाळा. सगळ्यात वर ‘रूट = ट्रू’ लिहा. नाहीतर एडिटर वरच्या वरच्या फोल्डरांत अशीच फाइल शोधत जातो आणि होम फोल्डरमधली एखादी जुनी फाइल गुपचूप लागू होते. मार्कडाउनसाठी ओळीच्या शेवटच्या स्पेस काढणं बंद ठेवा, कारण तिथे शेवटच्या दोन स्पेस म्हणजे ओळ तोडणं असतं. आणि मेकफाइलसाठी (‘मेक’ ह्या बिल्ड टूलची फाइल) टॅब सक्तीचा, तिथे स्पेस चालतच नाहीत.

अर्धविराम, तुमचा दोन स्पेस, चार स्पेस, टॅब हा भाग इथेच संपतो. प्रत्येक प्रोजेक्टात ही एकेक फाइल. एडिटरच्या सेटिंगमध्ये इंडेंटेशनचा उल्लेखच नको.

मधलीसुट्टी

घ्या! शंभरीआधीच टॅब-स्पेस मिटलं. जागा सोडते.

गाठोडं

दगडफूल, एडिटरकॉन्फिगशी सहमत, पण पूर्ण विरोधाशी नाही. डॉट व्हीएसकोडमध्ये चार फाइली असतात आणि चारींचा स्वभाव वेगळा आहे. सेटिंग्जवर वाद होऊ शकतो. पण लाँच जेसन, म्हणजे डीबगर (चूक शोधायला कोड थांबवत थांबवत चालवणारं टूल) कसा सुरू करायचा त्याची मांडणी, ही खरी मेहनतीची गोष्ट असते. नवीन माणूस आला की एफ५ दाबून त्याला पहिला ब्रेकपॉइंट मिळाला पाहिजे. टास्क्स जेसन तसंच. एक्स्टेन्शन्स जेसन तर नुसती शिफारस करते, कोणावर काही लादत नाही. उलट ‘हे एक्स्टेन्शन इथे नको’ असंही त्यात लिहिता येतं.

गिटइग्नोरमध्ये (गिटनं काय वगळायचं त्या यादीत) लोक ‘डॉट व्हीएसकोड’ हा पूर्ण फोल्डरच वगळतात आणि खाली उद्गारचिन्ह देऊन एखादी फाइल परत आत घेऊ बघतात. ते चालत नाही. अख्खा फोल्डर वगळला की गिट आत डोकावतच नाही. फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ आणि तारा लिहायचा, म्हणजे ‘आतलं सगळं’ वगळलं जातं, आणि मग हव्या त्या फाइली उद्गारचिन्हानं आत घेता येतात.

दगडफूल

लाँच जेसनचं मान्य. पण त्यातच डेटाबेसचे पासवर्डही जातात, तेवढं जपा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तिथे थेट लिहू नयेत. ‘एन्व्ह फाइल’ असा पर्याय आहे, त्यात वेगळ्या फाइलीचा पत्ता द्यावा, ती फाइल गिटइग्नोरमध्ये टाकावी, आणि तिचा रिकामा नमुना मात्र गिटमध्ये ठेवावा.

सेटिंग्ज जेसनबद्दल माझं मत तेच आहे.

तळटीप

रानवाट यांच्या रंगाचं उत्तर देतो. ‘डॉट कोड-वर्कस्पेस’ ही फाइल करा आणि ती रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा. फाइल मेनूतून ‘सेव्ह वर्कस्पेस ॲज’ केलं की होते. त्यात फोल्डरांची यादी असते आणि एक सेटिंग्जचा भाग असतो. फोल्डर एकच असला तरी हरकत नाही. तुमचा रंग, तुमचा झूम, सगळं त्या फाइलीत. प्रोजेक्ट उघडताना फोल्डरऐवजी ही फाइल उघडायची. गिटला त्यातलं काहीच दिसत नाही. साधीवहींच्या तीन गटांत हा चौथा: माझं, पण ह्याच प्रोजेक्टपुरतं.

एक बारकावा आहे. अशा फाइलीतून प्रोजेक्ट उघडलात की त्याच्या आतल्या डॉट व्हीएसकोडचा दर्जा ‘फोल्डर’ असा होतो. फाइलींशी संबंधित सेटिंग्ज तिथून लागू होत राहतात, पण सगळ्या खिडकीवर परिणाम करणाऱ्या होत नाहीत. म्हणजे टीमनं रंग किंवा मांडणी आत लिहिली असेल तर ती आपोआप दुर्लक्षित होते. दगडफूल, तुमच्या तक्रारीवर हाही एक उपाय.

दगडफूल

हे माहीत नव्हतं. उत्तम. मग माझा विरोध बराच सौम्य झाला असं समजा.

सुबक

सब्लाइम टेक्स्टवाल्यांचीही हजेरी लावते. आमच्याकडे ही फारकत पहिल्यापासून दोन फाइलींत आहे. ‘डॉट सब्लाइम-प्रोजेक्ट’ मध्ये फोल्डर, वगळायचे पॅटर्न, प्रोजेक्टच्या सेटिंग्ज आणि बिल्ड. ती गिटमध्ये टाकायची. ‘डॉट सब्लाइम-वर्कस्पेस’ मध्ये उघडे टॅब, खिडकीची मांडणी, शोधाचा इतिहास. ती कधीही टाकायची नाही. शोधाच्या इतिहासात माणूस काय काय शोधतो ते सगळं साठतं, आणि दुसऱ्या प्रोजेक्टमधल्या उघड्या फाइलींचे पत्तेही. ते जगजाहीर करायचं कारण नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट: ‘बायनरी फाइल पॅटर्न्स’. ह्यात टाकलेल्या फाइली साइडबारमध्ये दिसतात, पण कंट्रोल-पी च्या यादीत आणि फोल्डरभर शोधताना येत नाहीत. बिल्ड होऊन आलेल्या फाइलींसाठी हे छान. डोळ्यांसमोर असाव्यात, पण पायात येऊ नयेत.

आणि प्रोजेक्ट बदलायला कंट्रोल-ऑल्ट-पी. नावाची दोन अक्षरं टाइप केली की सगळे टॅब जसे सोडले तसे समोर. ह्या एका सोयीसाठी मी अजून सब्लाइमवर आहे.

रानवाट

तळटीप, करून बघितलं, रंग आला आणि गिट स्वच्छ! व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-आर नं अलीकडचे फोल्डर आणि वर्कस्पेस येतात, सुबक म्हणतात तसंच जवळपास.

मोडांतर

व्हिमवाले कुठे गेले म्हणून लिहितोय. आमच्याकडे प्रोजेक्टच्या सेटिंगचा रस्ता ‘एक्सआरसी’. हा पर्याय चालू केला की चालू फोल्डरातली व्हिमआरसी (व्हिमची सेटिंगची फाइल) वाचली जाते. पण तो मुळात बंद असतो, आणि त्याला कारण आहे. सेटिंगची फाइल म्हणजे कोडच. कोणाचंही रिपॉझिटरी उतरवून उघडलं आणि त्यातली फाइल आपोआप चालली तर काहीही होऊ शकतं. फाइलीच्या आतच सेटिंग लिहायची मोडलाइनची सोयही अशीच. २०१९ मध्ये मोडलाइनमधून हवी ती आज्ञा चालवता येण्याची पळवाट सापडली होती, व्हिमच्या ८.१.१३६५ ह्या पॅचमध्ये ती बुजवली. निओव्हिम आता अशी फाइल वाचण्याआधी विचारतो आणि तुमचं उत्तर लक्षात ठेवतो. ईमॅक्स हा एडिटरही डिर-लोकल्स ह्या फोल्डरच्या सेटिंग फाइलीतली धोक्याची वाटणारी व्हेरिएबल लावण्याआधी विचारतो.

हे मुद्दाम लिहिलं, कारण व्हीएस कोडमध्ये ‘ह्या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का?’ ही चौकट आली की लोक न वाचता ‘हो’ दाबतात. ती २०२१ पासून आहे. टास्क्स जेसनमध्ये ‘फोल्डर उघडताच चालव’ असं लिहिता येतं, हे लक्षात ठेवा. अनोळखी कोड वाचायचा असेल तर ‘नाही’ म्हणा. मर्यादित मोडमध्ये वाचता सगळं येतं.

साधीवही

हे महत्त्वाचं. माझी एक सवय: अनोळखी कोडसाठी वेगळाच वरचा फोल्डर ठेवलाय आणि त्यावर कधीही विश्वासाची मोहोर लावत नाही. उलट माझ्या कामाच्या वरच्या फोल्डरला एकदाच विश्वास दिला, म्हणजे आतल्या प्रत्येकाला विचारलं जात नाही. फोल्डर कसे लावायचे ह्याचा एक निकष इथूनही निघतो.

चौकट

बरं झालं कोणीतरी डिस्ककडे वळलं. मूळ प्रश्नातला पहिला भाग तसाच राहिला होता.

माझी मांडणी मालकानुसार आहे. होमखाली एक ‘कोड’ फोल्डर, त्यात ‘काम’, ‘स्वतःचं’, ‘बाहेरचं’. ह्याचा सगळ्यात मोठा फायदा गिटमध्ये मिळतो. गिट २.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, कॉन्फिगमध्ये ‘इन्क्लूड-इफ’ आहे. ‘काम’ फोल्डरखालच्या सगळ्या रिपॉझिटरींना कामाचा ईमेल आणि कामाची साइनिंग की, ‘स्वतःचं’ खाली आपला ईमेल. एकदा लिहिलं की नवीन रिपॉझिटरी योग्य फोल्डरात क्लोन करणं एवढंच करायचं. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका, तिच्यामुळेच आतलं सगळं धरलं जातं.

भाषेनुसार फोल्डर लावू नका असं माझं ठाम मत आहे. आज पायथनमध्ये असलेल्या प्रोजेक्टला उद्या टाइपस्क्रिप्टचा पुढचा भाग येतो, मग तो कुठे ठेवायचा?

निळीशाई

मी वर्षानुसार लावते. कोडपेक्षा माझं काम छोट्या छोट्या विश्लेषणांचं आहे, एकदा झालं की संपलं. वर्ष, मग महिना आणि विषय. जुनी वर्षं सरळ आर्काइव्हमध्ये जातात. मालकानुसार लावलं तर एकेका फोल्डरात ढीग होतो.

चौकट

एकदा होऊन संपणाऱ्या कामांना वर्षच बरोबर, सहमत. वर्षानुवर्षं चालणाऱ्या प्रोजेक्टला नाही.

कळफलक

मांडणी कोणतीही असो, जागा नीट निवडा. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरात रिपॉझिटरी नको. काही मशीनवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप सिंक होत असतात, ते आधी बघा. नोड मॉड्यूल्समधल्या (जावास्क्रिप्टच्या पॅकेजच्या फोल्डरातल्या) हजारो बारीक फाइली सिंक होत राहतात, आणि डॉट गिट फोल्डर अर्धवट सिंक झाला तर रिपॉझिटरी बिघडू शकते. पाठवायला गिट आहेच की.

विंडोजवर पत्ता २६० अक्षरांच्या आत ठेवायची जुनी मर्यादा बऱ्याच टूल्सना अजून लागू पडते, म्हणून प्रोजेक्ट ड्राइव्हच्या मुळाजवळ ठेवा. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स) वापरत असाल तर फाइली लिनक्सच्याच फाइलसिस्टिमवर ठेवा, विंडोजच्या ड्राइव्हवरून वाचताना सगळंच संथ होतं. आणि नावात स्पेस नको. मेकला स्पेस असलेले पत्ते नीट पेलत नाहीत.

निळीशाई

नावावरून आठवलं: माझे विषयांचे फोल्डर मराठीत आहेत, देवनागरीत. गिट स्टेटस दिलं की नावाच्या जागी उलट्या रेघा आणि आकडे येतात. एडिटरमध्ये मात्र नीट दिसतं. काही उपाय?

तळटीप

गिटमधलं ‘कोअर कोटपाथ’ हे ‘फॉल्स’ करा, म्हणजे नावं जशीच्या तशी दिसतील. फाइलींना काही झालेलं नसतं, फक्त दाखवायची पद्धत आहे.

कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर आणखी एक. काही कीबोर्डांवर ‘र्‍या’ लिहिताना मध्ये शून्य रुंदीचा जोडक पडतो. व्हीएस कोड त्याला अदृश्य अक्षर म्हणून चौकट करतो. हा इशारा लबाडीचा कोड ओळखायला आहे, त्यामुळे यूजरमध्ये बंद करू नका. ज्या प्रोजेक्टात मराठी आहे तिथेच ‘युनिकोड हायलाइट’ मधलं अदृश्य अक्षरांचं सेटिंग बंद करा.

निळीशाई

दोन्ही झालं. मनापासून धन्यवाद. कित्येक दिवस ते आकडे बघून वैताग यायचा.

घडीव

एक वेगळा अनुभव. आमच्याकडे काही जण वरचा ‘कोड’ फोल्डरच एडिटरमध्ये उघडतात, म्हणजे सगळे प्रोजेक्ट एकाच झाडात दिसतात. सोयीचं वाटतं, पण सगळ्या तक्रारी तिथूनच येतात. पायथनचे इम्पोर्ट लाल होतात, लिंटरला त्याची कॉन्फिग सापडत नाही, प्रोजेक्टमधलं डॉट व्हीएसकोड वाचलंच जात नाही, कारण एडिटरच्या दृष्टीनं मूळ वेगळं आहे. लिनक्सवर तर फाइलींवर नजर ठेवायची मर्यादा संपते. जुन्या कर्नलवर ती डिफॉल्टनं ८१९२ असते आणि व्हीएस कोडच्या मार्गदर्शनात ती ५२४२८८ पर्यंत वाढवायला सांगितलेलं आहे. वाढवा जरूर, पण आधी जो प्रोजेक्ट आहे त्याचंच मूळ उघडा. दोन रिपॉझिटरी एकत्र लागत असतील तर तळटीप म्हणतात त्या वर्कस्पेस फाइलीत दोन्ही फोल्डर घाला. प्रत्येकाचं मूळ शाबूत राहतं.

शोधाबद्दलही विचारणा होते: ‘फाइल समोर दिसतेय, पण शोधात येत नाही.’ शोध गिटइग्नोर पाळतो. शोधाच्या चौकटीखाली वगळायच्या फाइलींसमोर एक बारीक बटण आहे, ते बंद करून बघा.

अर्धविराम

मंडळी, खूप काही मिळालं. दोन दिवस बसून करते आहे. यूजर फाइल अगदी आटोक्यात आली. एडिटरकॉन्फिग तिन्ही प्रोजेक्टांत गेली. फोल्डर चौकट यांच्या पद्धतीनं, ‘बाहेरचं’ वर विश्वास नाही.

पण माझं पीएचपीचं दुखणं तसंच आहे. एडिटरकॉन्फिगनं टॅब आले, तरी फॉरमॅटर कंस आणि रिकाम्या जागा आपल्या पद्धतीनं लावतोच. जुनी साइट, कुणी कधी फॉरमॅट केलेली नाही.

गाठोडं

‘फॉरमॅट ऑन सेव्ह मोड’ बघा. त्याचं मूल्य ‘मॉडिफिकेशन्स’ केलं की गिटनुसार तुम्ही बदललेल्या ओळीच फॉरमॅट होतात. त्या पीएचपी प्रोजेक्टच्या सेटिंगमध्येच लिहा, यूजरमध्ये नको. फॉरमॅटरला ठरावीक भाग फॉरमॅट करता यायला हवा, तेवढी अट आहे.

साधीवही

किंवा टीमची तयारी असेल तर एकदाच सगळं फॉरमॅट करा, पण वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या एका नोंदीत), बाकी काहीही न बदलता. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत लिहून गिटच्या ‘ब्लेम इग्नोर रेव्ह्स फाइल’ मध्ये द्या. गिट २.२३ पासून ही सोय आहे. ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) मग ती कमिट ओलांडून ओळीच्या खऱ्या लेखकापर्यंत जातं. ज्या साइटवर अजून काही वर्षं काम होणार आहे तिथे मी हेच करेन.

अर्धविराम

साइट वर्षभरात बंद होणार आहे, म्हणून गाठोडं यांचा मार्ग धरला. आत्ताच एक ओळ बदलली आणि डिफमध्ये (बदलांच्या यादीत) एकच ओळ दिसली! किती बरं वाटलं सांगू.

आता मार्कडाउनच्या नोंदी. तिथे जावास्क्रिप्टची सगळी एक्स्टेन्शन्स कशाला लोड व्हावीत?

तळटीप

त्यासाठी प्रोफाइल. २०२३ पासून आहेत. ‘लेखन’ नावाचं प्रोफाइल करा, त्यात मार्कडाउनपुरतीच एक्स्टेन्शन्स, मोठा फॉन्ट, ओळी आपोआप मोडणं चालू, मिनिमॅप बंद. नोंदींचा फोल्डर एकदा त्या प्रोफाइलमध्ये उघडलात की पुढच्या वेळी तो त्यातच उघडतो. पण प्रत्येक प्रोजेक्टला प्रोफाइल करत बसू नका. प्रोफाइल कामाच्या तऱ्हेला, प्रोजेक्टला वर्कस्पेस.

रानवाट

नवीन मशीनवर हे सगळं कसं नेता? सेटिंग्ज सिंक पुरतं का?

मोडांतर

यूजर सेटिंग्ज, शॉर्टकट, स्निपेट, एक्स्टेन्शन्स, प्रोफाइल एवढं सिंक नेतं, आणि मशीनशी बांधलेली सेटिंग्ज मागे ठेवतं. म्हणजे साधीवहींचा तिसरा गट तिथेही पाळला जातो. आणखी काही मागे ठेवायचं असेल तर ‘इग्नोर्ड सेटिंग्ज’ ची यादी आहे.

मी स्वतः सगळ्या डॉटफाइली (बिंदूनं सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फाइली) एका गिट रिपॉझिटरीत ठेवतो आणि जीएनयू स्टो ह्या टूलनं होममध्ये त्यांचे दुवे (सिमलिंक) करतो. एडिटर, शेल, गिट, सगळं एकत्र. कुठलं सेटिंग कधी आणि का बदललं ते कमिटच्या संदेशात सापडतं, हा सिंकमध्ये न मिळणारा फायदा.

चौकट

अर्धविराम, डेस्कटॉप आणि डाउनलोडमधले प्रोजेक्ट हलवले की अजून बाकी आहे? हलवण्याआधी तीन गोष्टी बघा. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरत्या पॅकेजचा फोल्डर) हलवू नका, त्यात पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. लागणाऱ्या पॅकेजची यादी काढून घ्या आणि नव्या जागी नव्यानं करा. गिट वर्कट्री (एकाच रिपॉझिटरीची दुसरी कामाची प्रत) वापरत असाल तर हलवल्यावर ‘वर्कट्री रिपेअर’ चालवा. आणि व्हीएस कोड उघडे टॅब, विश्वास, प्रोफाइल हे सगळं फोल्डरच्या पत्त्याशी जोडून ठेवतो, त्यामुळे नव्या जागी ते एकदा परत विचारेल. सेव्ह न केलेल्या फाइली आधी सेव्ह करा.

अर्धविराम

पायथनचे बाकी आहेत. आज रात्री पॅकेजच्या याद्या काढते आणि उद्या हलवते. अडलं तर इथेच विचारेन.